पाठ्यपुस्तकातले आपण आणि ते: मलिक अंबर, सिद्दी आणि नाकाची रुंदी

रानजाई

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय. इथे इतिहास वाचणारी, शाळेत शिकवणारी आणि परदेशात मुलं वाढवणारी बरीच मंडळी आहेत म्हणून धागा काढतेय. प्रश्न असा की आपल्या शाळेच्या पुस्तकांत वंश, रंग, माणसाचं मूळ या गोष्टी येतात कशा, आणि त्यातून मुलांच्या डोक्यात "आपण" म्हणजे कोण हे कसं ठरत जातं. जातीवर, धर्मावर आपल्याकडे पुस्तकांवरून वाद होतात, पण वंशावर कोणी फारसं बोलत नाही, कारण तो अमेरिकेचा प्रश्न, आपल्याकडे तसलं काही नाही असं आपण धरून चालतो.

मला तसं अजिबात वाटत नाही. महाराष्ट्राचा सतराव्या शतकाचा इतिहास आफ्रिकेतून आलेल्या माणसांशिवाय सांगताच येत नाही. मलिक अंबर, सिद्दी जौहर, जंजिऱ्याचे सिद्दी, ही नावं चौथी पास झालेल्या प्रत्येक मराठी माणसाला पाठ आहेत. पन्हाळ्याला वेढा कोणी घातला विचारलं तर झोपेतून उठवला तरी माणूस सिद्दी जौहर म्हणेल. पण सिद्दी म्हणजे कोण, ते कुठून आले, कसे आले हे विचारून बघा. मी ऑफिसात जेवताना विचारलं, सगळे मराठी माध्यमातून शिकलेले, बहुतेकांना सिद्दी हे आडनाव किंवा पदवी वाटत होती.

माझा मुद्दा असा आहे की पुस्तकात काही खोटं छापलेलं नाही. पण एखादा माणूस कुठल्या धड्यात येतो, त्याच्या नावापुढे कुठलं क्रियापद येतं आणि त्याच्याबद्दल काय सांगायचं राहतं, यावर तो आपला की परका हे दहा वर्षांच्या मुलाच्या मनात ठरून जातं. सिद्दी येतो तो वेढा घालायला. मलिक अंबर शाळेतला म्हणून जो आठवतो तो शहाजीराजांचा मत्सर करणारा. बस, तेवढंच. त्यांचा माणूस म्हणून इतिहास कुठेच नाही. तुम्हाला काय वाटतं?

खडकीचा नहर

मी संभाजीनगरचा, घरात अजून तोंडी औरंगाबादच येतं, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा आहे, लांबलं तर सांभाळून घ्या.

ज्या गावात मी वाढलो ते गाव मलिक अंबरनं वसवलं, १६१० मध्ये, नाव खडकी. हा माणूस १५४८ च्या आसपास इथिओपियात जन्मला, लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला, एका बाजारातून दुसऱ्या बाजारात असं करत बगदादमार्गे दख्खनमध्ये पोचला. इथं त्याला विकत घेतलं निजामशाहीच्या पेशव्यानं, चंगीझखान त्याचं नाव, आणि हा पेशवा स्वतःच हबशी, म्हणजे सिद्दींसारखाच आफ्रिकेतून आलेला, स्वतःही आधी गुलाम राहिलेला. मालक वारल्यावर अंबर मोकळा झाला, थोडे थोडे स्वार जमवत स्वतःची फौज उभी केली. १६०० मध्ये अकबराच्या सैन्यानं अहमदनगरचा किल्ला घेतला, निजामशाही संपली असं सगळे धरून चालले होते, तेव्हा या माणसानं परांड्याला दुसऱ्या मुर्तझाला गादीवर बसवलं आणि मरेपर्यंत, म्हणजे १६२६ पर्यंत मुघलांना दख्खनमध्ये पाय रोवू दिले नाहीत. जमिनीची प्रत बघून सारा ठरवायची त्याची पद्धत नंतरच्या राज्यकर्त्यांनाही उपयोगी पडली. आणि पाणी! नहर-ए-अंबरी आमच्याकडच्या लोकांना माहीत असते, डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शहरात आणलेलं, मधेमधे हवा आणि साफसफाईसाठी उभे झरोके, शेवटी हौद. आजही जुन्या वस्तीत त्याचे अवशेष दिसतात, आणि दर उन्हाळ्यात टँकरच्या मागे धावणाऱ्या आमच्या शहरात हे एका हबशी माणसानं चारशे वर्षांपूर्वी करून ठेवलंय हे मुलांना शाळेत कोणी सांगत नाही.

भातवडीची लढाई १६२४ ची. मुघल आणि आदिलशाही फौजा एकत्र चालून आलेल्या, अंबरनं तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीत चिखल करून टाकला, रात्रीचे छापे घातले, रसद तोडली. शहाजीराजे आणि त्यांचे भाऊ शरीफजी त्याच्या बाजूनं लढले, शरीफजी तिथंच पडले. गनिमी कावा म्हणून आपण जो अभिमानानं सांगतो तो शहाजीराजांच्या पिढीनं ज्याच्या फौजेत राहून पाहिला, वापरला, तो माणूस हा. हे एवढं एक वाक्य पुस्तकात आलं असतं तरी चित्र बदललं असतं.

आता वंशाचा मुद्दा. त्या काळात रंगाचा द्वेष नव्हता असं कोणी म्हणालं तर जहांगीरचं एक चित्र बघा, अबुल हसननं काढलेलं, डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे, नेटवर सहज सापडतं. एका उभ्या भाल्यावर मलिक अंबरचं कापलेलं मुंडकं खोचलंय, त्याच्यावर घुबड बसलंय, आणि बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून त्या मुंडक्यावर बाण मारतोय. पृथ्वी बैलाच्या पाठीवर, बैल माशाच्या पाठीवर. चित्र काढलं तेव्हा अंबर जिवंत, धडधाकट होता, आणि पुढे ऐंशीच्या घरात जाऊन आपल्या मरणानं मेला. जहांगीरला प्रत्यक्षात जे कधीच जमलं नाही ते त्यानं कागदावर करून घेतलं. त्याच्या आठवणींतही अंबरचं नाव आलं की काळ्या तोंडाचा, काळ्या नशिबाचा अशा शिव्या येतात. पण त्याच दरबारच्या मुतमदखानानं अंबर वारल्याची नोंद करताना युद्धात, कारभारात त्याला तोड नव्हती, एक हबशी गुलाम एवढ्या उंचीला पोचल्याचं दुसरं उदाहरण इतिहासात नाही अशा अर्थाचं लिहून ठेवलंय. शत्रूच्या बखरकारानं दिलेलं हे प्रमाणपत्र आपल्या पुस्तकाला देता येऊ नये याचं मला खरंच वाईट वाटतं.

कबर खुलताबादला आहे. साधी, देखणी इमारत. शाळेच्या सहली वेरूळला जातात, कबर वाटेवरच आहे, गाडी थांबत नाही.

साधाप्रश्न

मला दोघांचंही पूर्ण पटलेलं नाही, मनापासून विचारतोय, रागावू नका. चौथीचं पुस्तक हे शिवचरित्र आहे. त्यात प्रत्येक सरदाराचं मूळ गाव, मूळ देश सांगत बसलं तर चरित्र राहील का? अफझलखानाचं सांगायचं, शायिस्तेखानाचं सांगायचं, मिर्झाराजांचं सांगायचं. दहा वर्षांच्या मुलाला आपल्या मातीबद्दल प्रेम वाटावं हे त्या पुस्तकाचं काम आहे आणि पिढ्यान् पिढ्या त्यानं ते उत्तम केलंय, माझ्यासकट. राष्ट्रीय ओळख ही काही वाईट गोष्ट नव्हे, ती कुठूनतरी तयार करावीच लागते.

दुसरं म्हणजे वंश सांगितल्यानं भलं होईल की वाईट? आमच्या वर्गात एक सावळा, कुरळ्या केसांचा मुलगा होता, त्याला सगळे हबशी म्हणून चिडवायचे. आता पुस्तकातच लिहिलं की पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी हा आफ्रिकेतला हबशी होता, तर दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत काय होईल ते डोळ्यासमोर आणा. न सांगण्यात कधीकधी शहाणपण असतं.

पन्हाळगड

साधाप्रश्न यांचा दुसरा मुद्दा रास्त आहे, पण उत्तर इतिहासातच आहे. पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी फक्त एकाच बाजूला नव्हते. १६६० मध्ये वेढा फोडायचा प्रयत्न बाहेरून नेतोजी पालकरांनी केला, त्यांच्याबरोबर महाराजांच्या बाजूनं सिद्दी हिलाल होता आणि त्याचा मुलगा वाहवाहसुद्धा. तो पोरगा त्या झटापटीत जखमी होऊन जौहरच्या लोकांच्या हाती लागला. म्हणजे वेढा घालणाऱ्यांत आणि फोडणाऱ्यांत, दोन्हीकडे सिद्दी. हे एक वाक्य पुस्तकात आलं की मुलांना आपोआप कळतं की माणूस कुठल्या रंगाचा यावर तो कोणाच्या बाजूचा हे ठरत नाही. तुमच्या वर्गातल्या त्या मुलाला कोणी सिद्दी हिलाल म्हणून हाक मारली असती तर त्यानं छाती काढून ओ दिली असती.

नाव न सांगितल्यानं चिडवणं थांबत नाही हे तुमच्याच उदाहरणातून दिसतंय. पुस्तकात हबशी शब्दाचा अर्थ नव्हता तरी मुलांनी तो शिवी म्हणून उचललाच होता.

रानजाई

पन्हाळगड, हे मला माहीत नव्हतं, आणि नेमकं हेच म्हणायचं होतं. @साधाप्रश्न, मूळ सगळ्यांचंच सांगा असं नाही म्हणत. पण हबशी हे दोनचार परके सरदार नव्हते, इथंच राहिलेला, इथंच मिसळलेला समाज आहे. जंजिऱ्याभोवतीच्या मुलखाला हबसाण म्हणायचे. ते संस्थान थेट १९४८ पर्यंत होतं. एवढं मोठं प्रकरण फक्त "जिंकता न आलेला किल्ला" म्हणून शिकायचं?

टेक्ससताई

ह्यूस्टनजवळ राहते, दोन मुलं इथल्या पब्लिक स्कूलमध्ये. रानजाईंनी क्रियापदाचं लिहिलंय ते वाचून लगेच आठवलं ते २०१५ चं प्रकरण, आमच्या भागातलंच. मॅकग्रॉ-हिल कंपनीचं हायस्कूलचं भूगोलाचं पुस्तक, त्यात अमेरिकेत कोण कुठून आलं हे दाखवणारा नकाशा होता आणि खालच्या ओळीत लिहिलेलं की अटलांटिक गुलाम व्यापारानं आफ्रिकेतून लाखो कामगार शेतमळ्यांवर काम करायला आणले. कामगार! आणि हे कुठल्या भागात? स्थलांतराच्या. म्हणजे जसे आयरिश आले, जसे आपण आलो, तसेच तेही आले. त्याच पुस्तकात युरोपातून करारावर आलेल्या गोऱ्या मजुरांबद्दल मात्र ते फुकट किंवा अगदी कमी पैशात राबायचे हे स्पष्ट लिहिलेलं. एका मुलानं आईला फोटो पाठवला, तिनं तो ऑनलाईन टाकला आणि देशभर गाजलं, कंपनीनं चूक मान्य करून ओळ बदलली, शाळांना चिकटवायला स्टिकर देऊ केले. लक्षात घ्या, त्या ओळीत गुलाम व्यापार हा शब्द होताच. खोटं काही नव्हतं. पण नकाशा स्थलांतराच्या पानावर आणि माणसं कामगार, त्यामुळे पकडून, साखळ्या घालून आणलं हे पानावरून गायब.

टेक्ससचं महत्त्व असं की इथलं राज्य शिक्षण मंडळ पंधरा निवडून आलेल्या लोकांचं आहे, मतं मागून आलेले, आणि राज्य एवढं मोठं की प्रकाशक इथल्या मागण्या बघून पुस्तकं बनवतात. २०१० मध्ये त्यांनी अमेरिकेच्या यादवी युद्धाची कारणं लिहिताना गुलामगिरी मागे ढकलली होती, राज्यांचे हक्क आणि प्रादेशिक अस्मिता पुढे. २०१८ मध्ये वाद होऊन मग गुलामगिरीच्या प्रसाराला मुख्य कारण म्हणून जागा दिली. आठ वर्षं! त्या आठ वर्षांत शिकून बाहेर पडलेली मुलं आता मतदान करतायत. फ्लोरिडात २०२३ मध्ये तर नव्या अभ्यासक्रमात असं आलं की गुलामांनी काही कौशल्यं मिळवली जी काही वेळा त्यांना स्वतःच्या फायद्यासाठी वापरता आली. मुलीनं ते बातमीत ऐकून मला विचारलं की मग गुलामांना ते आवडायचं का, आणि मला घशाशी आलं.

आणि हे भांडण जुनं आहे. कृष्णवर्णीय अमेरिकी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी १९३५ मध्ये यादवी युद्धानंतरच्या काळावर जो ग्रंथ लिहिला त्याचं शेवटचं प्रकरण शाळेच्या पुस्तकांवरच आहे, ती काळ्या माणसांबद्दल काय शिकवतात यावर.

आपल्या लोकांना वाटतं हे त्यांचं भांडण, आपण गणितात मार्क आणू. पण महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये गुलामगिरी लिहिलं ते अर्पण कोणाला केलं? अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना. पुण्यात बसून. दीडशे वर्षांपूर्वी त्यांना हा धागा दिसला होता. मी मुलांना त्यांच्या ब्लॅक हिस्टरी मंथच्या प्रोजेक्टला तेच करायला लावलं, शिक्षिकेला हे नवीन होतं आणि तिनं वर्गात सगळ्यांना वाचून दाखवायला सांगितलं.

खडकीचा नहर

टेक्ससताई, तुमच्याकडच्या नकाशासारखंच आपल्याकडे मलिक अंबरचं झालंय. तिकडे माणसाची गुलामी पुसली, इकडे त्याचं सगळं पूर्वायुष्यच. वजीर म्हणून अचानक उगवतो.

निवृत्त मास्तर

भूगोल आणि इतिहास दोन्ही शिकवले, जिल्हा परिषदेत. आता एक वेगळी बाजू मांडतो, कारण वंश हा शब्द आमच्या पुस्तकांत होताच, आणि ज्या रीतीनं होता ती रीत फार वाईट होती.

जुनी पुस्तकं आणि आजचीही स्पर्धा परीक्षेची गाईडं उघडा. भारतीय लोकांचे वंश: नेग्रिटो, प्रोटो-ऑस्ट्रेलॉइड, मंगोलॉइड, भूमध्यसागरी, रुंद डोक्याचे पश्चिमी, नॉर्डिक. पुढे प्रत्येकाची उंची, डोक्याचा आकार, नाकाची ठेवण, ओठ, कातडीचा रंग आणि आढळ. मुलं हे तक्ते पाठ करतात. ही यादी मानववंशशास्त्रज्ञ बी. एस. गुहा यांनी १९३१ च्या जनगणनेच्या वेळी मोजमापं घेऊन केली. त्यांच्या आधी १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले, त्यांनी तर नाकाची रुंदी मोजून जात ठरवली, नाक जितकं बारीक तितकी जात वरची असा त्यांचा दावा. कॅलिपर घेऊन लोकांची नाकं मोजायची, रुंदीला लांबीनं भागून शंभरनं गुणायचं, आलेल्या आकड्यावर माणूस आर्य की द्रविड. इंग्रज निघून गेले, तक्ता राहिला.

याला उत्तर आपल्याच माणसांनी दिलं होतं. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये शूद्र पूर्वी कोण होते या ग्रंथात आर्य वंशाचा सिद्धांत वेदांचे दाखले घेऊन खोडून काढला, आणि तो ग्रंथ अर्पण केला महात्मा फुल्यांना, ज्यांनी स्वतः आर्य बाहेरून आले हे धरून सगळी मांडणी केली होती. गुरूला वंदन करून गुरूचं गृहीतक बाजूला ठेवणं याला फार मोठं मन लागतं. पुढे १९४८ च्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथात त्यांनी तेच नाकाचे आकडे घेतले आणि दाखवलं की या आकड्यांवरूनच ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत. इरावतीबाई कर्वे बर्लिनला ज्यांच्या हाताखाली कवट्या मोजायला गेल्या ते ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे, पुढे नाझींना जवळचे झालेले. कवटीच्या दोन बाजूंतल्या फरकाचा वंशाशी काही संबंध दिसत नाही असा निष्कर्ष बाईंनी त्यांच्याच संस्थेत बसून मांडला. १९५० मध्ये युनेस्कोनं वंशाबद्दलचं निवेदन काढलं, १९७२ मध्ये जनुकशास्त्रज्ञ लेवॉन्टिननं दाखवलं की माणसामाणसातल्या जनुकीय फरकातला सुमारे ८५ टक्के फरक एकाच समूहाच्या आत असतो. एवढं सगळं होऊन गाईडात अजून नॉर्डिक म्हणजे गोरे, उंच, बुद्धिमान असलं छापतात आणि पोरं एमपीएससीच्या अभ्यासिकेत बसून ते घोकतात. या पोरांतलेच उद्या तहसीलदार होणार. माझा जीव तुटतो.

म्हणून मी रानजाईंना सांगेन, मूळ सांगा, प्रवास सांगा, पण तक्ता नको.

साधाप्रश्न

मास्तर, तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण मग राखीगढीचं, म्हणजे हरियाणातल्या सिंधू संस्कृतीच्या त्या गावाचं काय? केंद्राची शालेय पुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीनं २०२४ मध्ये बारावीच्या इतिहासात तिथल्या डीएनएची माहिती घातली आणि आपली परंपरा पाच हजार वर्षं अखंड आहे असं लिहिलं. आर्य बाहेरून आले हे इंग्रजांनी आपल्यात फूट पाडायला सांगितलं, तर ते काढलं यात चूक काय? आणि हे काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजचं आहे, वसंत शिंदे सरांचं.

निवृत्त मास्तर

डेक्कन कॉलेजच्या कामाचा मलाही अभिमान आहे. चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या, गरम हवामानात पुरलेल्या हाडातून डीएनए काढणं महाकठीण. पण तो पेपर, सप्टेंबर २०१९, एका बाईच्या सांगाड्याचा आहे. त्यात गवताळ मैदानातल्या, म्हणजे स्टेपच्या लोकांचा अंश नाही. बरोबर. त्याच दिवशी दुसऱ्या जर्नलमध्ये शेकडो प्राचीन सांगाड्यांचा अभ्यास आला, त्यात हे स्टेपचे लोक इ.स.पू. २००० ते १५०० च्या सुमारास इकडे येऊन मिसळले असं निघतं. शिंदे सरांसकट काही संशोधक दोन्ही पेपरांत आहेत. म्हणजे सिंधू संस्कृतीचे लोक इथलेच आणि आपल्यात आहेत हे खरं, आणि नंतर लोक येत राहिले, मिसळत राहिले हेही खरं. पुस्तकात पहिला अर्धा ठळक आणि दुसरा अर्धा दबलेला, असं झालं की विद्यार्थ्याला वाटतं एक शुद्ध धारा वाहत आली. रिस्लेचा तक्ता लोकांना तोडत होता म्हणून तो चुकीचा, आणि हे जोडतं म्हणून बरोबर, असं विज्ञानात चालत नाही.

आक्रमण म्हणून जे इंग्रजांच्या काळात शिकवलं ते चुकीचंच होतं, तिथं तुमच्याशी वाद नाही.

साधाप्रश्न

हं. दोन्ही पेपर एकत्र शिकवावेत हे मान्य. पण बारावीला. चौथीला नको.

कोथरूडची खोली

मी मूळची अरुणाचलची नाही, पण पुण्यात ज्यांच्याबरोबर खोलीत राहिले त्या दोघी होत्या, एक अरुणाचलची, एक मणिपूरची. मास्तरांच्या तक्त्यातला मंगोलॉइड हा शब्द त्यांना रस्त्यावर ज्या शिव्या ऐकाव्या लागतात त्याच्याच घरातला आहे. घरमालकीणबाई भाडं घेताना विचारायच्या, तुमच्याकडे पासपोर्ट लागतो का हो? त्या बाई वाईट नव्हत्या, डाळ-भात आणून द्यायच्या, पण शाळेत त्यांनी ईशान्य भारत शिकला तो चहा, पाऊस आणि नृत्याचा पोशाख. बाकी काही पुस्तकात नव्हतंच तर त्यांना कुठून माहीत असणार.

जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या निडो तानियाला केसांवरून, दिसण्यावरून चिडवून मारहाण झाली, तो गेला. त्यानंतर बेझबरुआ समिती बसली, तिनं ज्या शिफारशी केल्या त्यात ईशान्येचा इतिहास अभ्यासक्रमात आणा ही होती. एनसीईआरटीनं २०१७ मध्ये ईशान्य भारतावर एक पुस्तक काढलं, पण ते पूरक वाचन. पूरक म्हणजे परीक्षेला नाही, म्हणजे दुकानातही मिळत नाही.

खडकवासल्याला एनडीएत सर्वोत्तम कॅडेटला जे सुवर्णपदक देतात ते लाचित बोरफुकनच्या नावाचं आहे. पुण्यातल्या किती जणांना तो कोण हे ठाऊक आहे? १६७१, सराईघाट, ब्रह्मपुत्रेवर या आहोम सेनापतीनं केलेला मुघलांचा पराभव. शिवराज्याभिषेकाच्या तीन वर्षं आधी. महाराजांच्या धड्याच्या शेजारी एक चौकट टाकायला किती जागा लागते?

मांडवीपार

गोव्यातून. आमच्या आजोबांची शाळा पोर्तुगीज. त्यांना पोर्तुगालच्या नद्या, राजे, खलाशी सगळं येत होतं, मांडवी जुवारी कुठे उगम पावतात ते पुस्तकात नव्हतं. १९५१ मध्ये लिस्बननं घटनाच बदलली आणि वसाहतींना सागरापलीकडचे प्रांत म्हणायला लागले, म्हणजे कागदोपत्री गोवा हा पोर्तुगालच. राष्ट्र पुस्तकातून कसं बनवतात याचा याहून स्वच्छ नमुना नाही.

सिद्दींबद्दल अजून एक. मोझांबिककडून पोर्तुगीजांनी गुलाम आणले ते गोव्यातच. त्यातले पळून गेलेले, सुटलेले लोक घाट चढून उत्तर कन्नडच्या जंगलात गेले, यल्लापूर, हल्याळ, अंकोला. आज तिथं त्यांची गावं आहेत, कोकणी बोलतात, हल्याळकडे मराठीही येते, त्यांच्यात हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, मुसलमान आहेत. २००३ मध्ये त्यांना अनुसूचित जमातीत घेतलं. शांताराम सिद्दी २०२० मध्ये कर्नाटकच्या विधान परिषदेवर गेले. गुजरातेत गीरजवळ जांबूरला सिद्दी आहेत, तिथल्या हिराबाई लोबींना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. हे लोक इतिहासात अडकलेले नाहीत, आपली भाषा बोलतात. बसमध्ये मात्र कंडक्टर त्यांच्याशी इंग्रजीत बोलायला जातो आणि ते कोकणीत उत्तर देतात, हे मी कारवारच्या गाडीत स्वतः पाहिलंय.

टेक्ससताई

मांडवीपार, हे वाचून रडू आलं. आणि चित्रांचं कोणीच बोललं नाही. २०२० मध्ये पश्चिम बंगालात बर्दवानच्या एका शाळेत छोट्यांच्या पुस्तकात यू फॉर अग्ली आणि शेजारी काळ्यासावळ्या मुलाचं चित्र निघालं होतं, दोन शिक्षिका निलंबित झाल्या. पुस्तक छापताना, निवडताना, वर्गात उघडताना एवढ्या लोकांच्या हाताखालून गेलं आणि कोणाला खटकलं नाही.

रानजाई

धागा माझ्या अपेक्षेपेक्षा खूप पुढे गेला, सगळ्यांचे मनापासून आभार. साधाप्रश्न यांचं एक म्हणणं मी घेतलंय, चौथीच्या मुलावर वंशाचा भार टाकायचा नाही. म्हणून बालभारतीला पाठवायला फक्त दोन वाक्यं लिहिलीत, बघा कशी वाटतात.

भातवडीच्या धड्यासाठी: "मलिक अंबर लहानपणी आफ्रिकेतील इथिओपियातून गुलाम म्हणून आणला गेला होता, स्वतःच्या कर्तृत्वावर तो निजामशाहीचा वजीर झाला व त्याने खडकी हे शहर वसवले."

पन्हाळ्याच्या धड्यासाठी: "सिद्दी हे आफ्रिकेतून येऊन येथे स्थायिक झालेले लोक होते, काही सिद्दी आदिलशाहीच्या तर काही शिवरायांच्या बाजूने लढले."

लाचितची चौकट सातवीसाठी वेगळी मागणार आहे, तिथे जागा आहे, २०१७ ला ते पुस्तक महाराष्ट्र मध्यभागी ठेवूनच केलं होतं, शेजारी एक चौकट सहज बसेल.

साधाप्रश्न

ही दोन वाक्यं चालतील. माझं नाव घाला पत्रात.

पन्हाळगड

दुसऱ्या वाक्यात सिद्दी हिलालचं नाव घालाच. काही सिद्दी म्हटलं की मुलाच्या लक्षात राहत नाही, समोर जौहर नावानिशी उभा आहे तर इकडेही नाव पाहिजे.

निवृत्त मास्तर

आणि स्वाध्यायात प्रश्न घाला, नाहीतर वर्गात ते वाक्य ओलांडून पुढे जातील, मी तीस वर्षं बघितलंय. एका वाक्यात उत्तरे लिहा: खडकी शहर कोणी वसवले? पन्हाळ्याचा वेढा फोडण्यासाठी नेतोजी पालकरांबरोबर कोण होते? पत्राचा मसुदा मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, शुद्धलेखन बघून देतो.